आईनं केलेली वाटणी

नेकनूरला आमचं किराणा दुकान. मी आणि माझ्या पाठचा भाऊ, लहानपणी दोघंही एकदमच काविळीनं पिवळे पडलो. गावात सायकलवर येणारा डॉक्टर एकाच सुईनं अख्ख्या आळीला टोचायचा, त्याचा हा प्रसाद. आईनं दोघांच्या डोक्यावर काविळीची माळ घातली. झाडपाल्याच्या काड्या ओवलेली ही माळ वाळेल तशी सैल होऊन खाली सरकते. पायाशी आली की कावीळ उतरली म्हणायचं. भावाची भराभर पायाशी आली. माझी छातीवरच अडकली. आई म्हणाली, "पोरगं लई ताकदीचं हाय." असणारच की! साय त्याला, तूप त्याला, आणि मला भांड्याची खरवड. हे मी तिला तोंडावर म्हणायचे आणि धपाटा खायचे.

लग्न होऊन मी दिंद्रुडला आले. भावानं दुकानात एसटीडीचा फोन बसवला, शाम्पूच्या पुड्या लटकवल्या. बरं चाललं होतं. मग त्याचं पोट फुगायला लागलं. औरंगाबादच्या दवाखान्यात लिव्हरचा कॅन्सर निघाला. मुळाशी तीच जुनी कावीळ; माळ उतरली, पण विषाणू आतच राहिला होता. घरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं. माझ्यात कावीळ येऊन गेल्याची खूण होती, विषाणू नव्हता.

आईनं डॉक्टरांना विचारलं, "दोघंबी माझ्याच पोटची. मंग ह्यालाच कावून?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, अंगात रोगाशी लढणारी ताकद असते. ती कशी असणार हे आईबापाच्या जनुकांतून येतं, पण प्रत्येक लेकराच्या वाट्याला वेगळं येतं. हिच्या अंगानं कावीळ ओळखून हुसकावली. त्याच्या अंगाला ते जमलं नसावं. सगळं आम्हालाही कळलेलं नाही. पण तुमचा दोष नाही."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हिचं काढून त्याला देता येतंय का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाऊ समोर मरायला टेकलेला, तरी झाला. "घ्या की काढून, येत असंल तर," मी म्हणाले. रागानंच म्हणाले, पण खरं म्हणाले.

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. खाटेवरून भाऊ हळूच बोलला, "आये, आजवर सगळं मलाच दिलंस. एवढं तरी अक्काकडं राहू दे."