पहिल्या पानावरची रिकामी खाच

मी बाइंडर. शाळेची रजिस्टरं, वकिलांच्या फायली, कणा मोडलेली पुस्तकं, समोर येईल ते शिवायचं, खळ लावायची आणि शिकंज्यात घालायचं, हे माझं काम. गोड बोलणं मला जमत नाही, असं माझी सख्खी बहीणसुद्धा म्हणते. तरीही एक गिऱ्हाईक गेली अकरा वर्षं दर बुधवारी दुपारी माझ्या दुकानात येतं आणि दोन-दोन तास बसतं.

त्यांना सगळे चिमटेकाका म्हणतात. रेल्वेत ते तिकीट कलेक्टर होते, पण गाडीतले नव्हेत, दारावरचे. जुन्या स्टेशनच्या बाहेर पडायच्या दारात उभं राहून त्यांनी छत्तीस वर्षं लोकांची तिकिटं जमा करून घेतली. हातात भोक पाडायचा चिमटा. घेतलेल्या प्रत्येक तिकिटाला भोक पाडायचं, म्हणजे ते कुणाला पुन्हा वापरता येत नाही. गाडीला आत जाणारेही त्याच दारानं जायचे, त्यांच्या तिकिटाला भोक पाडून ते परत द्यायचं. मग पुठ्ठ्याची तिकिटं गेली, पातळ कागदाची आली, जुनं स्टेशन बंद पडलं आणि गावाबाहेर काचेचं नवं उभं राहिलं. तिथे दारं आपोआप उघडतात. काका निवृत्त झाले आणि पुठ्ठ्याची तिकिटं जमवायला लागले. ती ठेवायला अल्बम हवा म्हणून माझ्या दुकानाची पायरी चढले.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी पुठ्ठ्यात तिकिटाच्या मापाच्या खाचा कापून दिल्या, तर हे खिशातून पट्टी काढून मोजायला बसले. म्हणाले, "अर्धा मिलिमीटर सैल आहे."

"तिकिटाला काय लग्नाला जायचंय?" मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. टेबलाकडे बघतच म्हणाले, "सैल असलं तर हलतं. हललं की कोपरे जातात." मी मुकाट्याने सगळ्या खाचा नव्याने कापल्या.

ते कधीच मान वर करत नाहीत, हे मला हळूहळू कळलं. ते टेबलाशी बोलायचे. एकदा भाजीबाजारात अगदी समोरासमोर आलो. मी हाक मारली, तर बावरून म्हणाले, "आपण कोण?" मी चिडून म्हटलं, "अर्धा मिलिमीटर सैलवाली." तेव्हा कुठे ओळख पटली.

त्यांच्या खोलीवर मी दोनदाच गेले. एक खाट, एक स्टोव्ह, एक खुर्ची. दुसरी खुर्ची नाही, कारण दुसरं कुणी येत नाही. दाराच्या आतल्या बाजूला जुन्या स्टेशनवरची निळी पत्र्याची पाटी ठोकलेली आहे, तिच्यावर 'बाहेर' एवढंच लिहिलंय. मला हसू आलं होतं. मग त्यांचा एकच धुतलेला कप पालथा घातलेला दिसला आणि हसू गेलं.

तिकिटांबद्दल मात्र बोलायला लागले की थांबायचे नाहीत. प्रत्येक स्टेशनच्या चिमट्याचं भोक वेगळ्या आकाराचं असायचं. जंक्शनचं पान, खाणीजवळच्या स्टेशनचं पायऱ्यांसारखं, बंदराच्या शहराचं चांदणी, आमच्या गावाचं त्रिकोण. एका तिकिटावर तान्ह्या बाळाच्या दोन दातांच्या खुणा आहेत. एकाच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'साबण, दोरा, तिला विचारणे'. काय विचारायचं होतं यावर आम्ही एक अख्खा बुधवार घालवला.

एवढ्या तिकिटांत पहिल्या पानावरची मधली खाच मात्र रिकामी. दरवेळी मी टोमणा मारायची, "हे आसन कुणासाठी राखून ठेवलंय?" तिसऱ्या वर्षी कधीतरी त्यांनी सांगितलं.

आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला काकांनीच वाढवलं. एकदा हा धाकटा शेजारच्या गावाहून बिनतिकिटाचा आला आणि दारात गर्दीतून निघता निघता हसून म्हणाला, "दादा, मी आहे." काकांनी मान वर न करता पावतीपुस्तक काढलं आणि सगळ्या लोकांदेखत त्याला दंड केला. लोक हसले. धाकट्याने दंड भरला आणि त्याच आठवड्यात बंदराच्या शहरातल्या एका कारखान्यात नोकरी धरली.

तिकीट काकांनी स्वतः रांगेत उभं राहून काढलं. धाकटा म्हणत होता, एकेरी चालेल. यांनी परतीचंच काढलं, सहा महिने चालणारं. पुठ्ठ्याच्या मधोमध रेघ, अर्धं जायचं आणि अर्धं यायचं. नंबर तीनशे शहाऐंशी. निघताना धाकटा म्हणाला, "येईन तेव्हा तिकीट दाखवूनच बाहेर पडेन, दादा."

तो आला नाही. पत्रही नाही. चौथ्या वर्षी कारखान्याकडून त्याची ट्रंक आली. तापाने गेला होता. ट्रंकेत दोन शर्ट, फणी, दाढीचं सामान. काकांनी सगळे खिसे उलटे करून बघितले, पण यायचं अर्धं तिकीट सापडलं नाही.

"विकलं असेल," ते टेबलाला म्हणाले. "नाहीतर फेकून दिलं असेल. यायचं त्याच्या मनात होतं की नाही, एवढंच कळायला हवं होतं मला."

मी विचारलं, "मग ती खाच बुजवून देऊ का?"

"राहू द्या."

गेल्या महिन्यात रद्दीवाला एक पोतं घेऊन आला. मी त्याच्याकडून जुना पुठ्ठा घेते, पुस्तकांच्या कोपऱ्यांना लागतो. जमा झालेली तिकिटं तपासायला ज्या कचेरीत जायची, तिथलं एक विसरलेलं कपाट रिकामं झालं होतं. पोत्यात दोऱ्याने बांधलेले तिकिटांचे गठ्ठे आणि प्रत्येकावर स्टेशनच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठ्यांवरच्या तारखांच्या जागा उंदरांनी खाल्लेल्या. सहा गठ्ठे आमच्या गावचे निघाले. मला असा आनंद झाला की विचारू नका. बुधवारपर्यंत कुणाला काही बोलले नाही, पोतं टेबलाखाली दडवून ठेवलं आणि काका आल्यावर पुढे ओतलं.

त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि कामाला लागले. मी एका शब्दकोशाचा कणा शिवत होते. चौथ्या गठ्ठ्यावर त्यांचा हात थांबला.

"तीनशे शहाऐंशी," ते म्हणाले.

मी सुई टाकून वाकून पाहिलं. फिकट गुलाबी अर्धं तिकीट. नंबर तोच, तिकीट काढल्याची छापील तारीखही काकांनी सांगितलेलीच. क्षणभर कळलं नाही, मग लख्ख कळलं. "म्हणजे तो आला होता काका. तिकीट वापरलं त्यानं. तुमच्यावर राग धरून नव्हता बसला." मी कुणाला हात लावणारी बाई नाही, पण त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांनी तिकीट भिंगाखाली सरकवलं. त्यावर दोन भोकं होती. एक चांदणी, बंदराच्या शहराची. दुसरा आमचा त्रिकोण. पण त्रिकोणाचा एक कोपरा नीट कापला गेला नव्हता, तिथे पुठ्ठ्याची बारीक शेपटी लोंबत होती.

"दात मोडला होता," काका म्हणाले. "नवा चिमटा यायला एकोणीस दिवस लागले. अर्जाची प्रत आहे घरी."

"कुणाच्या चिमट्याचा?"

"माझ्या."

"तुमचा चिमटा दुसऱ्या कुणी घेतला असेल."

"मी कुणाला देत नसे."

मग मला समजलं, आणि समजलं नसतं तर फार बरं झालं असतं. पोतं मी आणलं होतं. मीच ते टेबलावर ओतलं होतं.

"तो माझ्यासमोर उभा राहिला," काका म्हणाले. "तिकीट दिलं. मी भोक पाडलं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. कुठे जाणार होता? संध्याकाळची परतीची गाडी साडेपाचची. आत जातानाही त्याच दारानं गेला असणार. त्या तिकिटालाही मीच भोक पाडलं असेल."

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. मेलेल्या माणसावर राग आला. "त्याला तोंड नव्हतं का? एक हाक मारायला काय झालं होतं?"

"मागच्या वेळी मारली होती," काका म्हणाले.

बाहेर कुणीतरी फाईल न्यायला आलं, त्याला मी उद्या ये म्हणून हाकललं. काका तिकिटाच्या त्या शेपटीवरून बोट फिरवत होते, अगदी हलकं, ती तुटू नये म्हणून.

"ते एकोणीस दिवस आठवून बघतोय," ते म्हणाले. "तिकिटं आठवतात. चेहरा एकही आठवत नाही."

तिकीट त्यांनी खाचेत घातलं नाही. वरच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि अल्बम माझ्याकडेच ठेवून निघून गेले. त्या आठवड्यात मी दोन पुस्तकांची पानं उलटी शिवली.

मला वाटलं, आता काही ते यायचे नाहीत. पण पुढच्या बुधवारी आले, ठरलेल्या वेळी, रिकाम्या हातांनी. नेहमीच्या स्टुलावर बसले. मी खळ घोटत होते. काही वेळाने जाणवलं की नेहमीसारखं बोलणं नाही, पट्टीचा आवाज नाही. वर पाहिलं तर ते माझ्या तोंडाकडे बघत होते. सरळ, न हलता, एखादी बारीक छपाई वाचावी तसं.

"काय झालं? खळ लागलीय का कुठे?"

"तुमच्या भुवईवर व्रण आहे," काका म्हणाले.

"आहे. सहा वर्षांची असताना पत्र्याची कड लागली."

"मी इथे यायला लागलो तेव्हा होता?"

"होता की."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं, काका."

त्यांची मान सवयीनं टेबलाकडे गेली. मग त्यांनी ती पुन्हा वर केली.