आइलीचे दोन बर्च

बर्च म्हटलं की आमच्या उत्तरेकडच्या थंड देशात कुणी मान वर करूनही बघत नाही. तळ्याकाठी, रस्त्याकडेला, जिकडेतिकडे तीच पांढऱ्या खोडाची झाडं. म्हणून माझ्या शेजारणीने, आइलीने, फाटकाच्या दोन्ही बाजूंना विकतचे बर्च लावले तेव्हा मीसुद्धा हसले होते. पण तिची झाडं वेगळी होती. पानं झालरीसारखी कातरलेली, फांद्या जमिनीकडे झुकलेल्या. साध्या बर्चच्या खुंटावर बांधलेली कलमं ती.

पाच वर्षं तिने त्यांच्यापायी जिवाचं रान केलं. हिवाळ्यात ससे साल कुरतडतात म्हणून खोडाला जाळी, मे महिना कोरडा गेला की तळ्यावरून बादल्या. पाठ मोडली बाईची. "मी जायच्या आत यांची सावली फाटकावर पडलेली बघायचीय," म्हणायची.

आणि तिचा नवरा तौनो! कामाच्या नावाने नुसती बोंब. जूनअखेरच्या युहन्नुसच्या सणाला दाराच्या दोन्ही अंगांना कोवळे बर्च तोडून उभे करायचे, एवढं एकच काम त्याच्याकडे. तेही दरवर्षी विसरायचा आणि बोलणी खायचा.

यंदा सणाच्या आदल्या दिवशी मी आणि आइली बाजार करून आलो, तर तौनो छाती काढून दारात उभा.

"बघ! न सांगता केलं की नाही? आता बोल!"

दाराच्या दोन्ही बाजूंना झालरीची पानं डुलत होती.

आइलीच्या हातातली पिशवी सुटली. नवे बटाटे पायरीवरून घरंगळले.

"अरे, रानात काय बर्चचा दुष्काळ पडला होता?" मी ओरडले.

"रानात डास फार गं," तौनो पुटपुटला. "आणि बर्चच ना हे?"

असा संताप आला मला, त्याची करवत तळ्यात भिरकावावीशी वाटली. आइली मात्र बटाटे वेचत राहिली. पाहुणे आले, पानांचं कौतुक करून गेले. महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

ऑगस्टमध्ये ती माझ्याकडे कॉफी पीत बसली होती, तेवढ्यात तौनो धापा टाकत आला.

"आइली, चल लवकर! दोन्ही फुटलेत! जिवंत आहेत गं!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

फाटकापाशी उरलेल्या बुंध्यांना खरंच तरतरीत धुमारे आले होते. आइली गुडघ्यांवर बसली. एक पान तिने उलटंपालटं करून पाहिलं. साधं, रानातल्या बर्चचं पान. कलम करवतीखाली गेलं होतं, फुटला होता तो खालचा खुंट.

"छान आहे," ती म्हणाली. "आता पाणी तू घाल."

तौनो बादली आणायला पळाला.

"अगं, सांगितलं का नाहीस त्याला?" मी चिडून विचारलं.

"पाच वर्षं रोज त्याच फाटकातून जात होता," आइली म्हणाली. "त्याला ती पानं कधी दिसलीच नाहीत. आता काय सांगू?"