पोहणाऱ्यांच्या यादीतलं पहिलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि मी म्हणजे कोण — ज्याला साधी जांभई आली तरी ती चार जणांना रंगवून सांगावीशी वाटते, असा माणूस. तरी हे एवढं पोटात राहिलं.

म्हशीपासून सुरू करतो.

रेणापूर तालुक्यात, मांजरेच्या काठी आमचं गाव. माझं किराणा दुकान, आणि शेजारी दत्ताचं कटिंगचं दुकान. दत्ताच्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं मी एक गोष्ट सांगत आलो — तरुणपणी भर पुरात उडी टाकून मी वाहून चाललेली म्हैस कशी काठाला आणली. दर खेपेला नदी थोडी रुंद व्हायची, म्हैस थोडी जड. दत्ता कात्री थांबवून ऐकायचा. खरं काय झालं होतं? म्हैस आपली आपण पोहून आली. मी काठावर उभा राहून ओरडत होतो. मला पोहता येत नाही. विहिरीत वाकून बघायचं झालं तरी मी दोन्ही हातांनी कठडा धरतो.

एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. एवढंच नाही.

दर उन्हाळ्याच्या अखेरीस आमचा ग्रामसेवक एक फाईल घेऊन फिरतो. गावाचा आपत्ती आराखडा. पूर आला तर लोकांना कुठं हलवायचं, ट्रॅक्टर कुणाचा, दोरखंड कुणाकडं, पट्टीचे पोहणारे कोण — सगळं त्यात भरायचं असतं. एका वर्षी तो दत्ताच्या दुकानातच फाईल मांडीवर घेऊन बसला.

"अण्णा, पैलं नाव तुमचंच लिहायलोय," तो मला म्हणाला.

"मंग काय तर," दत्ता वस्तरा पुसत हसला. "म्हैस काढलेला गडी हाय. माझं खाली लिवा."

माझ्या तोंडाला साबण होता. नाही म्हणायला तेवढीच अडचण होती का? नाही. मला मजा वाटली — माझी गोष्ट आता सरकारी कागदावर चढली. मी मान डोलावली. पुढं दर वर्षी जुना कागद नव्या कागदावर उतरत गेला. पहिला मी, दुसरा दत्ता.

मग एका सप्टेंबरात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरलं, आणि पलीकडच्या शेतात, आखाड्यावरच्या गोठ्याच्या पत्र्यावर, म्हातारे गुंडाप्पा अडकले. ग्रामसेवकानं तालुक्याला फोन लावला. होडी एक, मागणारी गावं दोन. तिकडच्या साहेबानं विचारलं — एकट्याला पाण्यात उतरवायचं नाही. पोहणाऱ्यांची जोडी आहे का गावात? यानं फाईल उघडली आणि आहे म्हणून सांगितलं. होडी दुसऱ्या गावाला निघाली. हे मला नंतर कळलं.

मग माझा फोन वाजला. ग्रामसेवकाचा. बायको उदगीरला, माहेरी. दुकान बंद. मी माडीवर, खिडकीच्या फटीतून ओढ्याकडंच बघत होतो.

"अण्णा, कुठं हायेत तुम्ही?"

"लातूरला," मी म्हणालो. "रस्ते बंद पडलेत रे."

दोनशे पावलांवर होतो मी. त्याचा आवाज मला फोनमधून येत होता आणि खिडकीतूनही.

होडी तोवर लांब गेलेली. दत्ता एकटाच उतरला. कमरेला दोर, काखेत ट्रॅक्टरची ट्यूब. मी सगळं पाहिलं — पाहणं तरी थांबवायचं होतं, तेही जमलं नाही. गुंडाप्पांना ट्यूबवर घेऊन तो परत निघाला आणि वरून आलेलं बाभळीचं खोड त्याच्या उजव्या खांद्यावर बसलं. लोकांनी दोर ओढून दोघांना बाहेर घेतलं. गुंडाप्पा वाचले. दत्ताचा हात खांद्याच्या वर पुन्हा गेला नाही.

मी दोन दिवस घरात कोंडून घेतलं. फोडणीचा वास जाईल म्हणून गॅस पेटवला नाही, चुरमुरे खाल्ले. तिसऱ्या सकाळी मागच्या दारानं निघालो, शेतातून फाट्यावर गेलो आणि हातात पिशवी घेऊन समोरून गावात आलो. काय झालं, कसं झालं, विचारत. दत्ताला बघून डोळ्यांत पाणीही आणलं. की ते खरंच आलं होतं? मला आता सांगता येत नाही, आणि याचीच मला जास्त भीती वाटते.

दत्ता आता डाव्या हातानं दाढी करतो. वेळ लागतो, म्हणून बरीच गिऱ्हाइकं फाट्यावर जातात. मी त्याच्याकडंच जातो. परवा वस्तरा गळ्याशी असताना म्हणाला, "तुमी गावात असते अण्णा, तर मागून खोड येतंय म्हणून सांगितलं असतं." टोमणा नव्हता. त्याला अजून ते सगळं खरं वाटतं — नदी, म्हैस, मी. मी साबण पुसून एकदा खरं बोललो असतो तर जोडी नसती, आणि होडी आमच्याकडं आली असती.

यंदा ग्रामसेवक पुन्हा फाईल घेऊन आला. दत्तानं स्वतःच सांगितलं, माझं नाव काढा, हात चालंना. त्या नावावर रेघ मारून ग्रामसेवकानं माझ्याकडं बघितलं. या वेळी तोंडाला साबण नव्हता. दत्ताही बघत होता.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

तेव्हापासून वर कुठं पाऊस झाल्याची बातमी आली की मी फोन समोर ठेवून बसतो. तो वाजला तर काय बोलायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. यादीत आता एकच नाव आहे.