ब्लाउजात ठेवलेलं जास्तीचं कापड

मंडळी, मला लिहिता येत नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या, शहाणपण माझं.

माझा कॅन्सर बरा होणारा नाही, औषधांनी नुसता थोपवायचा. आज मुलगा मला गावातल्या मल्हारगंज भागात शिंप्याकडे घेऊन गेला. दिवाळीच्या साडीवर ब्लाउज हवा होता, जुने सगळे पिशवीसारखे लोंबतात.

शिंप्यानं टेप लावली, आकडा बघितला आणि परत एकदा लावली. मुलगा पंख्याकडे बघत राहिला.

"अम्माजी, अंदर एक्स्ट्रा कपड़ा छोड़ूँ या काट दूँ?"

"छोड़ो भिया, पूरा छोड़ो! मोटी होने वाली हूँ. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जलेबी खायचीय अजून."

मुलगा हसला. "आई, आधी घरची पोळी तर संपव."

येताना स्कूटरवर मी त्याचा शर्ट घट्ट धरला होता.

"आई, भीती वाटतेय?"

"तू असली गाडी चालवल्यावर वाटणारच!"

खोटं बोलले. गाडी तो बैलगाडीसारखी चालवतो. भीती दिवाळीची वाटत होती, मी असेन का याची. कापड मात्र मी खरंच ठेवायला सांगितलंय.

तो हे वाचणारच आहे. तुम्ही सांगता का हो मुलांना, तुम्ही स्वतः घाबरलाय म्हणून?