भिंगकाकांचा टीव्ही

छापखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी भिंगकाकांच्या खिशातलं भिंग काही सुटलं नव्हतं. रंगीत छपाईचे ठिपके तपासण्यात उभी हयात गेली. आता औषधाची खोकी आणि बिस्किटांचे पुडे त्यांच्या तावडीत सापडत. काकू म्हणत, बरं झालं, मला पसंत केलं तेव्हा यांच्या हातात भिंग नव्हतं.

रविवारी काकूंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तेही लांबच्या गावी. गुडघ्यांमुळे काकूंना प्रवास झेपणार नव्हता. लग्न घरबसल्या बघता येणार होतं, पण फोनवर बहिणीचा चेहरा जेमतेम शर्टाच्या बटणाएवढा दिसे. म्हणून टीव्ही घ्यायचं ठरलं. काम काकांवर सोपवलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

दुकानात काकांनी एकेका पडद्याला भिंग लावलं. मोठ्या पडद्यावर लाल, हिरवे, निळे ठिपके ढळढळीत दिसले आणि त्यांचं तोंड कडू झालं. विक्रेतीने समजावलं, रिझोल्यूशन म्हणजे एकूण ठिपके, ज्यांना आम्ही पिक्सेल म्हणतो. या लहान टीव्हीत आणि त्या मोठ्यात ते सारखेच, वीसेक लाख. लहान पडद्यावर ते दाटीवाटीने बसतात, मोठ्यावर ऐसपैस. तुम्ही बघणार किती लांबून, असं ती विचारेपर्यंत काकांनी दाटीवाटीचा टीव्ही बगलेत मारलाही होता.

घरी काकूंनी बहिणीचा एक जुना व्हिडिओ लावला, काकांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि भिंग काढून घेतलं. खुर्ची पडद्यापासून चांगली दहा फूट लांब.

"आता सांगा, ती हसतेय की रडतेय?"

काकांनी डोळे बारीक केले. मान पुढे काढली. मग म्हणाले, "ठिपके मात्र एक नंबर आहेत."

"आणि चौकातल्या पोस्टरचे ठिपके केवढे असायचे?"

"वाटाण्याएवढे."

पोस्टर रस्त्यापलीकडून बघतात, तिथून ठिपका दिसत नाही, चेहरा दिसतो, हे काकांनीच जेवताना इतक्यांदा ऐकवलं होतं की काकूंना ते तोंडपाठ होतं. काकूंनी टीव्ही बदलून आणायला बिल त्यांच्या हातात ठेवलं.

शनिवारी मोठा टीव्ही आला. विक्रेती हसली नाही, याबद्दल काका तिचे आजन्म ऋणी राहिले.

रविवारी बहीण पडद्यावर आली, तशी काकांचा हात सवयीने खिशात गेला आणि ते उठून पुढे झाले.

"अहो, बाजूला व्हा. बहीण दिसत नाहीये."

काका मुकाट्याने येऊन काकूंशेजारी बसले. तिथून एकही ठिपका दिसत नव्हता. बहीण लेकीकडे बघत होती, डोळे पुसत होती.

"रडतेय," काका हळूच म्हणाले.

"नीट बघा," काकू म्हणाल्या. "हसतेय पण."