शेजारच्या घरातला म्हातारा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मटार सोलले. म्हणजे मी सोलले. बायको वाचत होती.

आमच्या घरी तशीच वाटणी होती. दिल्लीत थंडीच्या दिवसांत दुपारचं ऊन आमच्या बाल्कनीत थोडा वेळ येतं, मग समोरच्या बिल्डिंगमागे जातं. तेवढ्यात ती खुर्ची ओढून बसायची, पुस्तक उघडायची आणि माझ्या हाताला काहीतरी काम द्यायची. मटार, मेथी, लसूण, काहीही. मोकळ्या हातानं गोष्ट ऐकली तर मी झोपतो, असं तिचं म्हणणं. खरं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं सरकारी गाडी चालवली. गाडीला इंग्रजी लागत नाही. ती नर्स होती, मिशनच्या दवाखान्यात शिकलेली, इंग्रजी झराझरा वाचायची. एक पान मनात वाचायची, मान वर करायची आणि मला मराठीत सांगायची.

पुस्तकं सगळी एका जातीची. आमच्या मराठी मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांनी आपसांत फिरवलेली. एकीचं वाचून झालं की दुसरीकडं, दुसरीचं झालं की तिसरीकडं. ख्रिस्ती लोकांच्या गोष्टी, पण बायबलातल्या नाहीत, आत्ताच्या. मोबाईल असतो त्यांत. प्रत्येक पुस्तकात एखादी बाई किंवा पोरगी असते आणि तिचं आयुष्य उलटंपालटं होतं. नवरा जातो, नाहीतर गाव सुटतं, नाहीतर मूल होत नाही. मग ती प्रार्थना करते, रडते, केक भाजते आणि शेवटी सावरते. पाळक, म्हणजे पाद्री, असतो तो तरणा, देखणा आणि बिनलग्नाचा. आमच्या पाळकसाहेबांना शुगर आहे. पुस्तकात सगळे एकमेकांना क्षमा करतात. आमच्या मंडळीत पंखा कुणाच्या डोक्यावर असावा यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत.

आणि कव्हरवर बाई कायम पाठमोरी. शेतात उभी, समुद्रावर उभी, पण पाठमोरी. मी एकदा विचारलं, "चेहरा छापायला महाग पडतं का?"

ती म्हणाली, "तुम्ही लसूण सोला."

नावं ती सांगायची नाही. परदेशी नावं माझ्या लक्षात राहायची नाहीत, मी सारखं विचारायचो ही कोण, ती कोण. म्हणून मग थोरली, धाकटी, आई, मावशी. आणि शेजारच्या घरातला म्हातारा. हा प्रत्येक पुस्तकात असायचा. बायकांच्या रडारडीत मला तेवढाच एक माणूस बरा वाटायचा. हट्टी होता, पण सरळ. एका पुस्तकात त्यानं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला नको नको म्हटलं आणि शेवटी केलं, चांगलं झालं. त्यानंतर मीही केलं. दुसऱ्या एका पुस्तकात तो वरण-भात आणि पोळ्या करायला शिकला. पोळ्या कशा काय, तिकडं तर ब्रेड खातात, असं मी विचारलं. ती म्हणाली, "शिकला म्हणते ना." मग मीही शिकलो. मला कुणी सांगितलेलं खपत नाही. पण तो म्हातारा करतो तर मला काय धाड भरलीय?

त्या दिवशीच्या पुस्तकात म्हाताऱ्याची बायको वारली होती. मुलगी त्याला शहरात बोलावत होती. त्यानं ट्रंक भरली, दारात आणून ठेवली आणि तिच्यावरच बसून राहिला. आत जाईना, बाहेरही पडेना.

मी विचारलं, "मग जातो का?"

ऊन गेलं होतं. तिनं औषधाची रिकामी पट्टी पानात खूण म्हणून घातली आणि पुस्तक मिटलं. "उद्या. मटार झाले का?"

"झाले."

"किती किडके टाकलेत त्यात, बघा जरा."

पहाटे ती गेली. हृदय. झोपेत. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. तिला झाला नसेल. मटार फ्रिजमध्ये होते.

दफन झालं, माणसं आली, गेली. मुलगी नोएडाहून येऊन आठवडाभर राहिली. ती दिल्लीतच वाढली, तिचं मराठी अर्धं हिंदी आहे. जायच्या दिवशी तिनं माझी बॅग भरली.

"पप्पा, चलो ना. इथे एकटे काय करणार?"

"गोष्ट राहिलीय," मी म्हटलं.

"कुठली गोष्ट?"

मी सांगितलं. म्हातारा ट्रंकेवर बसलाय. तो काय करतो ते कळल्याशिवाय मी हलणार नाही. ती मग म्हणाली, "पप्पा, यार, ही काय बात झाली? मी नेटवर बघून सांगते, दोन मिनिटं."

"नको. ज्यांचं पुस्तक आहे त्यांना विचारीन. परत पण द्यायचंय."

ती एकटीच गेली. बॅग माझ्या दारात राहिली. मी जाता-येता तिला अडखळायचो, पण उचलली नाही. शेजारीण विचारायची, "अंकलजी, कहीं जा रहे हो?" मी म्हणायचो, "पता नहीं." खरंच माहीत नव्हतं. इथं राहायचं तर तिची खुर्ची समोर. तिकडं जायचं तर ती खुर्ची सोडून. आणि हे ठरवायला मी एकटा उरलो होतो. इतकी वर्षं असलं काही मी एकट्यानं ठरवलं नव्हतं.

मराठी उपासना महिन्यातून एकदा असते. हॉल दुसऱ्या मंडळीचा, त्यांचं इंग्रजी संपलं की आमचं सुरू. उपासनेनंतर पुरुष बाहेर चहा आणि ब्रेडपकोडा खातात, बायका मागच्या बाकांवर पुस्तकांची अदलाबदल करतात. मी पुस्तक घेऊन थेट तिकडं गेलो. एकीनं मला बसायला जागा करून दिली, पाळणाघरात पोराला देतात तशी.

पाळकसाहेबांच्या बायको, पाळकबाई, म्हणाल्या, "द्या भाऊ, माझाच नंबर होता. पण मी हे पूर्वी वाचलंय."

"मग सांगा, शेजारचा म्हातारा जातो का?"

"कुठला म्हातारा?"

"शेजारच्या घरातला. ज्याची बायको वारलीय."

पाळकबाईंनी दुसरीकडं बघितलं, दुसरीनं तिसरीकडं. मंत्रालयात टायपिस्ट होत्या त्या नागपूरच्या बाई म्हणाल्या, "भाऊजी, शेजारच्या घरात कुत्रा आहे. म्हातारा नाही."

मी म्हटलं, "नीट बघा."

पाळकबाईंनी औषधाची पट्टी होती तिथं पुस्तक उघडलं. बोट फिरवत वाचलं. "ट्रंक आहे. पण ट्रंकेवर धाकटी बसलीय. तिची आई वारली, मावशी तिला शहरात न्यायला आलीय."

"आणि मोतीबिंदू? त्या मागच्या पुस्तकातला?"

"तो थोरलीच्या आजीला."

"पोळ्या शिकतो तो?"

"ती नवी नवरी होती, भाऊ. आणि पोळ्या नव्हत्या, पाव होता."

आता एक सत्तरीचा माणूस बायकांत बसून हे ऐकतो, तेव्हा त्यानं कुठं बघावं? मी कव्हरवरच्या पाठमोऱ्या बाईकडं बघितलं.

नागपूरच्या बाईंना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "तिनं सांगितलं होतं आम्हाला. म्हणायची, आमच्या ह्यांना बायकांच्या गोष्टीत झोप येते. म्हणून एक म्हातारा घालते. मग कसे कान टवकारून ऐकतात बघा."

"आणि जे बाईचं व्हायचं ते त्याचं करायची?"

"तसंच असणार. तिला नवीन काही रचायचा कंटाळा."

म्हणजे इतकी वर्षं मी आज्यांची ऑपरेशनं आणि नव्या नवरीमुलींचे स्वयंपाक करत आलो. बरं, डोळ्यांना दिसतं आणि पोटाला मिळतं. तक्रार कशाची करणार?

पण मग हिशोब सोपा होता. म्हातारा तिचा होता, घडायचं ते पुस्तकातलं होतं.

"धाकटी जाते का?" मी विचारलं.

"सांगू? मग वाचण्यातली मजा जाईल तुमची."

"माझी मजा गेलीय, पाळकबाई. सांगा."

त्या मग सांगायला लागल्या, तिच्यासारखं नाही, भरभर. "जाते. आधी ट्रंकेवरून उठतच नाही. मावशी बिचारी बाहेर गाडीपाशी उभी. मग जाते. पहिला महिनाभर कुणाशी धड बोलत नाही. मावशीच्या स्वयंपाकाला नावं ठेवते."

"हे जमेल."

"मग मावशीचं नि तिचं पटतं हळूहळू. आईची आठवण काही जात नाही. शेवटी सगळं चांगलं होतं. प्रभू करतो."

"पुस्तकात."

"बाहेरही करतो, भाऊ," पाळकबाई म्हणाल्या. मी पुस्तक त्यांच्याकडं दिलं. औषधाची पट्टी मात्र मागून घेतली. ब्रेडपकोडा गार झाला होता, तो खाल्ला. मग मेट्रोच्या स्टेशनवरून मुलीला फोन केला आणि म्हटलं, सकाळी गाडी आण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅस बंद केला, तिची खुर्ची बाल्कनीतून आत घेतली, बॅग खाली नेली आणि गेटपाशी तिच्यावर बसलो. मुलगी गाडीतून उतरली.

"पप्पा! बॅगवर का बसलात? टूट जाएगी."

"बसायचं असतं."

ती दार उघडून उभी राहिली. मी काही लगेच उठलो नाही. तिनंही घाई केली नाही. मग उठलो. गाडीत बसल्यावर विचारलं, "तुझ्याकडं दुपारी ऊन कुठं येतं?"

"बेडरूमच्या बाल्कनीत. का?"

"तू काही वाचतेस का?"

"कुठे टाइम असतो, पप्पा? ऑफिसचे मेल वाचते फक्त."

"चालेल," मी म्हटलं. "मराठीत सांग. आणि वाटेत थांब, मटार घेऊ."