दोरीवरचा ओला सदरा

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही. ते जाईपर्यंत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही वाशीमजवळ शिरपूरला राहत होतो. गावातल्या निराधार बायांना सरकारकडून फुकट मिलो मिळायचा – लाल, बेचव धान्य. घरात कमावता पुरुष असेल तर नाही. खरंच निराधार कोण, हे घरोघर जाऊन पाहायचं काम माझ्याकडे आलं, कारण शिकलेली बाई मी एकटीच. आणि माझी नजर तर तुम्हाला ठाऊकच आहे. दारातल्या वहाणा मोजायची, विडीचं थोटूक शोधायची. मिलोसाठी बाया पाट लावून दुसरा नवरा लपवतात, हे मी धरूनच चालले होते.

कौसल्याचा पाय अधू, त्यामुळे खडी फोडायला जाता येत नसे. पदरात एक मुलगी. पण अंगणात दोरीवर पुरुषाचा सदरा – रोज ओला. प्यायला पाणी नाही अशा वर्षात हा धुवायचा कोणासाठी?

मी विचारलंच.

"माह्या मालकाचा हाये. मरून तीन वर्सं झाले."

"मग रोज का भिजवतेस?"

"वल्ला दिसला पायजे ना, बाई. तो रंडवा गिरनीवाला, बायको मेल्यापासून, दिवसातून तीनदा दारावरून जाते. घरात मानूस हाये असं वाटलं पायजे त्याले." मग ती हसली. "तुमाले कायले कळन? तुमचा जिता हाये."

माझा विश्वास बसला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. बसला होता. सदरा हातात धरून पाहिला होता मी – खांदे अरुंद, कॉलर विरलेली. पण ते हसणं मला लागलं. एवढंच? हो, एवढंच. घरी येऊन यादीत तिच्या नावापुढे लिहिलं – पाट लावला आहे. सुवाच्य अक्षरात.

तिचा मिलो बंद झाला. दोन महिन्यांत कौसल्या मुलीला घेऊन गिरणीवाल्याच्या घरात गेली. गाव म्हणालं, बाईंची नजर पक्की. मी नाकारलं का? नाही.

पुढे एका बाजारात गिरणीवाला दिसला. अंगात तोच सदरा, दोन्ही खांद्यांवर उसवलेला – त्याला तो होतच नव्हता. मागून लंगडत कौसल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

यादी माझ्या पिशवीतच होती. मी कांदे निवडत राहिले.